दुरुस्ती कुठल्या पानावर?

मी गिरणी कामगार. कापड तपासताना दोष दिसला की विणणाऱ्याला बोलावतात, तागा पुढ्यात पसरतात. साचा कुठला, पाळी कुणाची, सगळं निघतं. तपासणारा आपला वैरी, असं विणणारा म्हणत नाही. पेपरवाले मात्र म्हणतात! बातमीवर बोट ठेवलं की आपण लगेच माथेफिरू, लेखनस्वातंत्र्याचे शत्रू.

२९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या कित्येक बातम्यांत काय होतं? अनैतिक संबंधांची कुजबुज. जात गायब, जमिनीचा वाद गायब. नोव्हेंबरात माणसं रस्त्यावर आली तेव्हा कॅमेरे धावले. तेही बरंचसं दगडफेक टिपायला. मेलेल्या बाईची अब्रू ज्यांनी छापून घालवली, त्यांच्यापैकी किती जणांनी तेवढ्याच टायपात ती परत केली?

इथं शीवला आमच्या वस्तीत नळावर भांडण झालं. एका दैनिकानं त्याची दंगल केली. आम्ही पत्र धाडलं. वाचकांच्या सदरात चार ओळी आल्या, धार काढून टाकलेल्या. बातमी पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या कोपऱ्यात, हा कुठला न्याय?

करायचं मनात असलं तर जमतं. खैरलांजी घडलं त्याच २००६ साली 'द हिंदू'नं वाचकांच्या तक्रारी तपासायला स्वतंत्र वाचक-संपादक नेमला. प्रेस कौन्सिल आहे. पण ती ताशेरे मारते, दंड करू शकत नाही. म्हणून माझं मागणं साधं आहे. चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर, त्याच टायपात. आणि चूक कशी झाली तेही सांगा : कुणाला विचारलं, कुणाच्या दारात गेलाच नाहीत.

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला. बाबासाहेबांनी आपला कागद उभा केला. आपला कागद हवाच. पण मित्रांनो, त्यांचा कागद मोकळा सोडू नका, कारण आपली बदनामी तिथंच छापून येते. कात्रण ठेवा, तारीख लिहा, पान लिहा, खरी हकिकत लिहून संपादकाच्या टेबलावर आपटा. उत्तर नाही आलं तर पुन्हा जा.

आणि आपल्या या चार पानांत उद्या काही चुकलं, तर दुरुस्ती पहिल्याच पानावर यायला हवी. आली नाही, तर आम्हालाही सोडू नका.