क्लॅरिनेटची पट्टी आणि नादाची जात : एक चिकित्सा

प्रास्ताविक

वरवंडसारख्या गावात वरातीपुढे चालणाऱ्या बँडमधील क्लॅरिनेट हे बहुधा काळी पाचच्या पट्टीचे वाद्य असते. गाणे कोणतेही असो, वादक तेच हाती घेतो. पाश्चात्य वाद्यवृंदाचा रचनाकार मात्र काळी पाच, पांढरी सहा, पांढरी एक की काळी दोन, हे स्वरलिपीतच नमूद करतो. ही निवड नादाच्या जातीसाठी होते, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

विवेचन

निवडीचे पहिले कारण बोटांची सोय हे होय. अठराव्या शतकातील क्लॅरिनेटला चाव्या मोजक्याच असल्याने दूरच्या पट्टीत वादन कष्टाचे होई. मोझार्टच्या १७९१ मधील क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचा षड्ज पांढरी सहा आणि वाद्यही त्याच पट्टीचे. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा (१८०८) अंतिम भाग पांढरी एकमध्ये आणि वाद्यही तेच. येथे सोय आणि स्वररंग वेगळे काढता येत नाहीत. दुसरे कारण विस्ताराचे : पांढरी सहाच्या वाद्यावरील सर्वांत खालचा स्वर काळी पाचच्या वाद्यावर मिळतच नाही.

याउलट बर्लिओझच्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये (१८३०) प्रेयसीची धीरगंभीर धून अखेरच्या भागात काळी दोनच्या छोट्या, कर्कश वाद्यावर येते आणि तिचे विडंबन होते. येथे हेतू निःसंशय नादाच्या जातीचा आहे. माहलरच्या चौथ्या सिंफनीचे (१९०१) उदाहरणही बोलके आहे. तोवर चाव्यांची यंत्रणा प्रगत झाली होती, सोयीची निकड उरली नव्हती. तरीही त्याने पांढरी एकचे उजळ वाद्य मागितले.

मात्र काळी पाच आणि पांढरी सहा यांच्या लांबीत जेमतेम चार सेंटीमीटरचा फरक असतो आणि मुखवटाही बहुधा एकच वापरला जातो. त्यांच्या नादातील भेद सामान्य श्रोत्यास क्वचितच जाणवतो. त्यावर उभारलेली ‘मृदू’ आणि ‘तेजस्वी’ ही विशेषणे ऐकण्यापेक्षा परंपरेवर अधिक विसंबलेली दिसतात.

निष्कर्ष

सोय आणि विस्तार यांनी ज्या निवडीचा उलगडा होत नाही, तेथेच स्वररंगाचा हेतू ठामपणे सांगता येतो. हा निकष न लावता केलेली समीक्षा रचनाकाराच्या गरजेलाच त्याची प्रतिभा ठरवते आणि जेथे खरी प्रतिभा आहे, तेथे तिची नोंद घ्यावयाची राहून जाते.