‘पॅरनॉइया’ : शब्द एक, कामे तीन

शिक्षकांच्या खोलीत हल्ली एक शब्द सहज कानावर पडतो. परीक्षेत सारख्या फेऱ्या मारणारे पर्यवेक्षक ‘पॅरनॉइड’, मुलीला रोज क्लासला सोडणारी आई ‘पॅरनॉइड’, आणि ‘सगळा वर्ग माझ्याविरुद्ध कट करतो’ असे महिनोन्‌महिने सांगणारा विद्यार्थीही ‘पॅरनॉइड’! पहिली दोघे सावध आहेत. तिसऱ्याला मदतीची गरज असू शकते. हा फरक पुसला जातो, ही आमची पहिली हरकत.

मूळ ग्रीक शब्दात ‘पॅरा’ म्हणजे बाजूला आणि ‘नूस’ म्हणजे मन. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी हा शब्द एका विशिष्ट आजारापुरता मर्यादित केला : बाकी विचार सुसंगत, पण एक भ्रम हळूहळू घट्ट होत गेलेला. शंका पुराव्याने फिटते, भ्रम फिटत नाही. शिवाय भ्रम सहसा एकट्याचा असतो. आजूबाजूच्यांना तो पटत नाही.

आता दुसरी हरकत. जून २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात चोर समजून जमावाने दोघांचा जीव घेतला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून, भिक्षेवर जगणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारण्यात आले. अशा घटनांना ‘सामूहिक पॅरनॉइया’ म्हटले जाते. हे शास्त्राला धरून नाही. इथे समजूत एकट्याची नव्हती. ती शेजाऱ्याकडून आणि मोबाईलवरच्या संदेशांतून आली होती, आणि कोणीही तिची शहानिशा केली नाही. अफवेला आजाराचे नाव दिले की गुन्ह्याची जबाबदारी हलकी होते, आणि कोणालाही इजा न करणारा रुग्ण विनाकारण मारेकऱ्यांच्या पंगतीला बसतो.

मराठीत सावध, संशयी, धास्तावलेला, अफवेला बळी पडलेला असे नेमके शब्द आहेत. वर्गात एकेका प्रसंगाला योग्य शब्द कोणता, हे मुलांनाच ठरवू द्यावे. चांगला तास होईल.

आणि तो तिसरा विद्यार्थी? आधी त्याला खरोखरच कोणी छळत नाही ना, हे पाहावे. त्याच्याशी वाद घालू नये, त्याला हसू नये. निदान करणे आपले काम नव्हे. पालकांशी बोलून डॉक्टरांकडे पाठवणे मात्र आहे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक फलकावर लिहून ठेवावा.