ओळख आणि अर्थ

शहरांविषयीचे ग्रंथ बहुधा इमारतींविषयी बोलतात. शहरात राहणाऱ्यास ते कसे दिसते, हे सहसा कोणी विचारीत नाही. केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराने ते विचारले. म्हणूनच १९६० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'द इमेज ऑफ द सिटी' हे छोटेखानी पुस्तक आजही वाचनीय वाटते. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील काही रहिवाशांना लिंच यांनी आपल्या शहराचा नकाशा केवळ आठवणीने काढावयास सांगितले. त्या नकाशांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की मार्ग, कडा, विभाग, नाके आणि खुणा या पाच घटकांतून माणसाच्या मनातले शहर घडते.

जर्सी सिटीविषयीचा भाग आम्हांस विशेष बोलका वाटला. तेथील लोकांना स्वतःच्या शहरात सांगण्याजोगे फारसे सापडेना. नदीपलीकडे दिसणारे न्यूयॉर्क हेच त्यांच्या लेखी मोठे दृश्य! आपल्या वसईतील नव्या वसाहतींची जाहिरात 'मुंबईपासून इतक्या मिनिटांवर' अशी होते, तेव्हा याच दारिद्र्याची आठवण होते. स्वतःची ओळख नसलेले गाव शेजाऱ्याच्या नावावर जगते.

वसईतील एखाद्या वृद्धास नकाशा काढावयास सांगितले तर लिंच यांचे पाचही घटक सहज उतरतील. चर्चकडे जाणारी वाट, समुद्राची वा खाडीची कड, आपापली आळी, बाजाराचा नाका, आणि खुणा म्हणून चर्चचा मनोरा, क्रूस, बावखळ, किल्ल्याचा तट. १७३९ साली पोर्तुगीजांच्या हातून गेलेला तो किल्ला आज ओसाड असला, तरी नकाशातून तो सुटणार नाही. येथवर लिंच यांची मांडणी आपणांस तंतोतंत लागू पडते.

आमचा मतभेद पुढे सुरू होतो. स्थळाच्या प्रतिमेत वेगळेपण, रचना आणि अर्थ असे तीन अंश असतात, हे लिंच स्वतःच सांगतात. मात्र अर्थ माणसागणिक बदलतो म्हणून तो बाजूस ठेवतात. संशोधकाची ही सावधगिरी समजण्याजोगी आहे. परंतु वांद्र्याच्या गल्लीतील क्रूस पाहा. वाटसरूस तो वळणावरची खूण दिसेल. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्या काळात असे अनेक क्रूस संकटनिवारणासाठी उभारले गेले, हे ठाऊक असणाऱ्यास तेथे पूर्वजांची याचना ऐकू येते. भोवतीचे बंगले गेले, मजले चढले; तरी मे महिन्यात क्रूसाला हार घालून लितानी म्हटली जाते, तोवर ते वळण इतर वळणांसारखे होत नाही. येथे अर्थानेच खुणेला तारले आहे.

याची उलट बाजूही आहे. गिरगावातील खोताची वाडी लाकडी गॅलऱ्या, कौले आणि बाहेरचे जिने यांसाठी प्रसिद्ध आहे. तिचे नाव दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थावरून पडले आणि तिचे रूप तेथे घरे बांधणाऱ्या ईस्ट इंडियन कुटुंबांनी घडविले. दोन समाजांच्या शेजाराचे एवढे सुंदर उदाहरण विरळाच. तरीही तेथील अनेक जुनी घरे गेली. वारसांचे हिस्से, डागडुजीचा खर्च, जागेची किंमत यांपुढे कौतुक तोकडे पडते. छायाचित्रे घेणाऱ्यांची गर्दी वाढल्याने वाडी टिकत नाही. तेथे कोणी नांदावे लागते.

तेव्हा आकार आणि अर्थ यांची फारकत करता येत नाही, असे आमचे मत आहे. आकाराविना अर्थ पिढी-दोन पिढ्यांत पुसट होतो. अर्थाविना आकार विक्रीस निघतो. बावखळे बुजवून मिळालेल्या जागेवर कमान बांधून तिला गावाचे नाव दिले, तर उरते ती केवळ पाटी. आणि बुजविणारे नेहमी परकेच असतात असे नाही; पुष्कळ करारांवर सह्या आपल्याच घरच्या आहेत.

लिंच यांची पद्धत मात्र घरोघरी वापरावी. येत्या मे महिन्यात क्रूसापाशी जमाल, तेव्हा आजोबांकडून आणि नातवंडांकडून गावाचा एकेक नकाशा काढून घ्यावा. आजोबांच्या कागदावर असलेले आणि नातवंडांच्या कागदावर नसलेले जे जे आढळेल, त्याची गोष्ट त्याच संध्याकाळी मुलांना सांगावी. आणि त्यातले जे अजून उभे आहे, ते विकण्यापूर्वी घरात एकदा विचार व्हावा.