‘मिश्र ऑक्साइड’ : एका संज्ञेची चिकित्सा

उच्च दाबाखाली घडविलेल्या स्फटिकांविषयी मराठीत जे थोडेफार लेखन होते, त्यात ‘मिश्र ऑक्साइड’ ही संज्ञा निःशंकपणे योजिलेली आढळते. इंग्रजी संज्ञेचे हे शब्दशः भाषांतर होय. मूळ संज्ञेतील शैथिल्य त्यात उतरले आहेच. शिवाय मराठीत आल्यावर तिला एक नवा दोष जडला आहे. मराठी रसायनशास्त्राने ‘मिश्रण’ आणि ‘संयुग’ यांत काटेकोर भेद मानला आहे. मिश्रणातील घटकांचे प्रमाण बदलू शकते, संयुगातील ठरलेले असते. पेरोव्स्काइट या खनिजात कॅल्शियमचा एक, टायटॅनियमचा एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू हे प्रमाण निश्चित असते. त्यांच्या जागाही ठरलेल्या असतात. अशा पदार्थास ‘मिश्र’ म्हणणाऱ्या ग्रंथकाराला मागील प्रकरणातील स्वतःचीच व्याख्या खोडून काढावी लागेल, आणि विद्यार्थ्याला दोहोंपैकी एकीवर अविश्वास दाखवावा लागेल.

‘द्विधातू ऑक्साइड’ हा पर्यायही टिकत नाही, कारण या कुळातील अतिमहत्त्वाच्या पदार्थातील सिलिकॉन धातू नव्हे. ‘जोड-ऑक्साइड’ हे त्या मानाने बरे. जोडाक्षरात दोन व्यंजने मिसळत नाहीत, ठरावीक क्रमाने जोडली जातात; ही कल्पना मराठी वाचकास वेगळी शिकवावी लागत नाही.

परंतु याहून मोठी दिशाभूल ‘कॅल्शियम टायटनेट’ हे नाव करते. ‘कॅल्शियम कार्बोनेट’ या नावाच्या धर्तीवर ते बनले आहे. कार्बोनेटात एक कार्बन व तीन ऑक्सिजन यांचा स्वतंत्र गट खरोखरच असतो. पेरोव्स्काइटात तसा गट नाही. प्रत्येक टायटॅनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन टायटॅनियमांत वाटलेला असतो. त्यामुळेच प्रमाण तीनाचे येते. नाव समासाचा जो विग्रह सुचविते, तो वस्तूत सापडत नाही.

दाबाखाली ही अडचण अधिकच उघड होते. मॅग्नेशियम सिलिकेटाच्या एन्स्टेटाइट या नेहमीच्या रूपात प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात व त्यांच्या साखळ्या बनतात. हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये नमुना दाबून व लेसर किरणांनी तापवून १९७४ साली लिउ यांनी ऑस्ट्रेलियात मॅग्नेशियम सिलिकेटाचे पेरोव्स्काइट-रचनेचे रूप घडविले. त्यात सिलिकॉनभोवती सहा ऑक्सिजन येतात. घटक तेच, प्रमाण तेच, रासायनिक नावही तेच. बदलला तो केवळ अन्वय. घनता मात्र सुमारे ३.२ वरून ४.१ वर जाते.

पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरांखाली, दाब अडीच लाख वातावरणांच्या जवळपास पोहोचतो तेथे, हेच रूप विपुल आहे. पृथ्वीच्या घनफळाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. तरीही २०१४ पर्यंत त्याला खनिज म्हणून नाव नव्हते, कारण निसर्गात सापडलेल्या नमुन्याचे परीक्षण झाल्यावाचून नाव न देण्याचा दंडक आहे. ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम अशनीत तो नमुना मिळाला, आणि उच्च दाबाच्या भौतिकीसाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या ब्रिजमन यांच्या स्मरणार्थ ‘ब्रिजमनाइट’ हे नाव रूढ झाले. तोवर ‘सिलिकेट पेरोव्स्काइट’ म्हणत. त्यामुळे ‘पेरोव्स्काइट’ हा शब्द एकाच परिच्छेदात कधी विशिष्ट खनिजाचा, तर कधी रचनाप्रकाराचा वाचक होतो; मराठी लेखकांनी ‘पेरोव्स्काइट-रचना’ असे स्पष्ट लिहावे.

२००४ साली जपानी संशोधकांनी सुमारे साडेबारा लाख वातावरणांच्या दाबाखाली आणखी एक, थरांचे रूप मिळविले. त्याच्या इंग्रजी नावातील उपसर्ग केवळ दाबाचा क्रम सांगतो. ही रचना पेरोव्स्काइटाची नव्हेच. मराठीत ‘उत्तर-पेरोव्स्काइट’ केल्यास दिशेचाही भ्रम होईल. ‘पेरोव्स्काइटोत्तर’ हे निदान व्याकरणाने निर्दोष आहे.

‘मिश्र’ शब्दाला मात्र या क्षेत्रात एक न्याय्य जागा आहे. निसर्गातील ब्रिजमनाइटात मॅग्नेशियमच्या काही जागा लोह घेते, आणि किती घेते ते ठिकाणागणिक बदलते. तेथे मिश्रधातूप्रमाणेच घटकांचे प्रमाण खरोखर अनिश्चित असते. तो शब्द तेथे राखून ठेवावा.