आटलेली नदी

ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गीतकार-गायकाचे ‘द रिव्हर’ हे रॉक गीत १९८० साली त्याच नावाच्या दोन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाले. आपल्या बहिणीच्या व मेहुण्याच्या ओढग्रस्त संसारावरून ते सुचल्याचे त्याने स्वतःच सांगितले आहे. गीताचा नायक मजूर आहे. प्रेयसीला दिवस राहतात. एकोणिसाव्या वाढदिवशी कामगार-संघाचे सभासदपत्र आणि लग्नाचा कोट त्याच्या हाती एकदमच येतात. पुढे मंदीमुळे बांधकामावरचे कामही आटते. तारुण्यात दोघे जिच्यात डुंबली, ती नदीही कोरडी पडते.

ही नदी म्हणजे आशा, असा अर्थ सहज लावता येईल. आम्हांस तो अपुरा वाटतो. नदी केवळ आशा असती, तर ती आटल्यावर नायक तिकडे फिरकला नसता. तो मात्र त्या कोरड्या पात्राकडेच पुन्हा जातो. त्याला छळते ती आठवण. त्याने विसरल्याचे आणि तिने पर्वा नसल्याचे सोंग करावे, हे आम्हांस दारिद्र्याहूनही दारुण वाटते.

गीतकार येथे उपदेश करीत नाही, सांत्वनही करीत नाही. न फळलेले स्वप्न खोटे म्हणावे काय, हा प्रश्न तो तसाच सोडतो. गीताचे खरे बळ या संयमात आहे, असे आमचे मत आहे.