बी विसरते, काडी लक्षात ठेवते

मायकेल पोलन या अमेरिकन लेखकाचे ‘द बॉटनी ऑफ डिझायर’ हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात चार झाडांची चार प्रकरणे आहेत: सफरचंद, ट्युलिप, गांजा आणि बटाटा. प्रत्येक झाडाला माणसाची एकेक ओढ जोडलेली आहे. सफरचंदाला गोडी, ट्युलिपला सौंदर्य, गांजाला नशा आणि बटाट्याला निसर्गावर ताबा मिळवण्याची हाव. पुस्तकाची ओळख सहसा या जोड्यांवरूनच करून दिली जाते. पण पुन्हा वाचताना या चौघांना बांधणारा आणखी एक धागा हाती लागतो. यातले एकही झाड आपल्याला हवे तसे बियांतून मिळत नाही. सफरचंदाचे कलम बांधावे लागते. ट्युलिपच्या मूळ कांद्याला फुटलेली पिल्ले वेगळी करून लावावी लागतात. बटाट्याचे डोळ्यांसकट तुकडे पेरतात. आणि घरात, दिव्यांखाली गांजा वाढवणारा माळी निवडलेल्या मादी झाडाच्या फांद्या छाटून त्यांना मुळे फुटवतो. बियांतून जे उगवेल ते नवे असेल, छाटलेल्या काडीतून जे उगवेल ते आधीचेच असेल. या दोहोंमधली ओढाताण पुस्तकभर चालू आहे, आणि गांजाच्या प्रकरणात ती सर्वांत उत्कट होते.

पोलन मुळात बागकाम करणारा माणूस, आणि त्याच्या गद्यातही ती सवय उतरली आहे. तो आधी हाताने काहीतरी करतो आणि मग त्यावर विचार करतो. पुस्तकाची सुरुवात मे महिन्यात होते. तो वाफ्यात बटाटे लावतो आहे आणि शेजारच्या फुललेल्या सफरचंदावर भुंगे घोंघावत आहेत. भुंग्याला वाटत असेल की मध आपण निवडून घेतो. प्रत्यक्षात फुलाने त्याला परागवाहक म्हणून कामाला लावलेले असते. मग बटाटे लावणाऱ्या माणसाने कोणाचे काम चालवले आहे? हा प्रश्न तो झाडाच्या बाजूने विचारतो आणि पुढची चारही प्रकरणे याच बाजूने लिहितो. त्यामुळे पुस्तकात कुठेही झाड म्हणजे नुसता कच्चा माल होत नाही. त्यालाही काही साधायचे असते, आणि त्यासाठी माणसाला काय आवडते याचा त्याला उपयोग होतो.

गांजाच्या प्रकरणाकडे जाण्यापूर्वी सफरचंदापाशी थांबायला हवे, कारण बीज आणि कलम यांचे व्याकरण लेखक तिथे शिकवतो. १८०६ च्या वसंतात जॉन चॅपमन हा फिरस्ता रोपवाटिकावाला ओहायो नदीतून चालला आहे. लाकडाचे ओंडके कोरून केलेल्या दोन होड्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. एकीत तो स्वतः आणि दुसरीत सफरचंदाच्या बियांचा ढीग, वाळू नये म्हणून शेवाळ आणि चिखलाने झाकलेला. दोन होड्या एकमेकींचा तोल सांभाळतात, या एका गोष्टीवर पोलन बराच वेळ रेंगाळतो. माणूस आणि झाड यांच्यातले नाते त्याला असे हवे आहे, दोघांचे वजन सारखे. चॅपमनला कलम बांधणे पाप वाटे. तो फक्त बिया पेरत गेला. सफरचंद आडवे कापले की आत पाच कप्प्यांची चांदणी दिसते. तिच्यातली प्रत्येक बी वेगळ्या झाडाची असते, आणि त्या झाडाचे फळ बहुतेक वेळा इतके आंबट असते की त्याची फक्त दारू करावी. पण शेकडो आंबट झाडांत एखादे अनपेक्षित गोड निघते, आणि अमेरिकेच्या मातीला मानवणारे वाण अशाच झाडांतून सापडले.

कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. हापूसची कोय रुजवली तर हापूस येईलच याची खात्री नाही, म्हणून आपण कलम बांधतो. आणि बाठ्यातून आपोआप उगवलेला रायवळ प्रत्येक परसात वेगळ्या चवीचा असतो. एका कलमाची सगळी कलमे म्हणजे एकच झाड, अनेक ठिकाणी उभे असलेले. पोलनचे सफरचंदाचे प्रकरण आपल्याला इतके जवळचे वाटते ते यामुळे.

आता गांजा. या प्रकरणातला एक प्रसंग तो गुन्ह्याच्या गोष्टीसारखा सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोलनने कनेटिकटमधल्या आपल्या घरामागे गांजाची दोन-चार रोपे लावली होती. लाकूडफाटा घेऊन एक माणूस येतो, आणि बोलता बोलता कळते की तो शेजारच्या गावचा पोलीसप्रमुख आहे. लाकडे टाकायची जागा कोठाराजवळ, आणि कोठारामागे उंच झालेली रोपे. या प्रसंगात लेखकाची जी धांदल उडते तिचा वाचकाला आनंद होतो, पण पोलन तो प्रसंग केवळ रंजनासाठी ठेवत नाही. पुढे लगेच तो सांगतो की याच भीतीने या झाडाचा इतिहास बदलला. अमेरिकन सरकारची अमली पदार्थांविरुद्धची मोहीम तीव्र झाली तशी बाग उघड्यावरून घराच्या आत गेली. छताखाली मावावे म्हणून उंची कमी हवी, वीजबिल परवडावे म्हणून पीक लवकर यायला हवे, जागा लहान म्हणून प्रत्येक रोप मोलाचे हवे. अफगाणिस्तानातून आलेले बुटके, थंडीला टिकणारे झाड आणि उष्ण प्रदेशातले उंच, उशिरा फुलणारे झाड यांचा संकर करून माळ्यांनी या सगळ्या अटी पूर्ण केल्या. पुढे यातले काही जण अॅमस्टरडॅमला गेले, आणि पोलनही त्यांच्या मागोमाग तिथे पोचतो. आपल्या पिढीतले सर्वांत कसबी माळी कोण, तर हे लपून काम करणारे लोक, असे तो निःसंकोच म्हणतो. या विधानात त्याने माळीपणाला दिलेला मान आहे, आणि तो प्रकरणभर टिकतो.

अॅमस्टरडॅममधल्या दिव्यांच्या खोलीचे वर्णन हा या प्रकरणाचा गाभा. त्या खोलीत बी नाही. गांजाचे नर आणि मादी झाड वेगळे असते, आणि परागण न झालेल्या मादी फुलोऱ्यातच राळ सर्वाधिक साठते. बी पेरले तर साधारण निम्मी रोपे नर निघणार. म्हणून आधी बियांतून अनेक रोपे वाढवायची, त्यांतली एक मादी पसंत करायची, आणि तिला मातृवृक्ष करून तिच्या फांद्या रुजवायच्या. हे झाड मुळात वर्षायू आहे. रात्र लांबली की फुलते आणि मग संपते. पण दिव्यांखाली दिवस लांबच ठेवला तर त्याला ऋतू बदलल्याचे कळतच नाही, आणि मातृवृक्ष वर्षानुवर्षे तरुण राहतो. रुजलेल्या काड्यांना मात्र बारा तासांचा अंधार दिला जातो, आणि त्या गुडघ्याएवढ्याही न होता फुलावर येतात.

छाटलेल्या फांदीला मूळ फुटणे ही वनस्पतींच्या जगातली एक थोर गोष्ट आहे, आणि ती गुलाबाच्या काडीत जशी घडते तशीच इथेही. फांदी तुटताच तिचा पाण्याचा पुरवठा थांबतो, पण पाने हवेत पाणी सोडतच राहतात. म्हणून पहिले काही दिवस हवा दमट आणि ऊन कमी लागते. शेंड्याकडून ऑक्झिन हे संजीवक खाली उतरून कापाशी साठते, आणि तिथल्या पेशी आपले आधीचे काम सोडून देतात. खोडाचा भाग असलेली पेशी मुळाचा भाग होते. दीड-दोन आठवड्यांत पांढरी टोके दिसू लागतात. पानाचा आकार, फुलाचा गंध, राळेचे प्रमाण, काहीही न विसरता ती काडी पूर्ण झाड होते.

वाणांची तुलना खऱ्या अर्थाने शक्य होते तीही काडीमुळेच. एकाच मातृवृक्षाच्या दोन काड्या वेगवेगळ्या मातीत लावल्या आणि त्या वेगळ्या वाढल्या, तर तो फरक मातीचा. दोन मातृवृक्षांच्या काड्या एकाच वाफ्यात, एकाच प्रकाशात, एकाच वयाच्या लावल्या आणि तरी त्या वेगळ्या निघाल्या, तर तो फरक वंशाचा. बियांच्या रोपांत हे दोन्ही फरक एकमेकांत मिसळलेले असतात. ज्याला ‘हे वाण त्याहून बरे’ असे प्रामाणिकपणे म्हणायचे आहे, त्याला काडीची ही शिस्त पाळावीच लागते. ‘स्कंक नंबर वन’, ‘नॉर्दर्न लाइट्स’ अशी नावे जगभर गेली, पण नाव बियांच्या पाकिटावरून जेवढे दूर जाते तेवढे वाण त्याच्यासोबत जात नाही. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी गांजाच्या वाणांच्या जनुकांची तपासणी केली, तेव्हा एकाच नावाखालचे नमुने अनेकदा वेगळ्या वंशाचे निघाले, आणि उंच झाडाला ‘सॅटिव्हा’, बुटक्याला ‘इंडिका’ म्हणणारी लेबलेही जनुकांशी नीट जुळली नाहीत. पोलनच्या पुस्तकानंतर चौदा वर्षांनी आलेला हा निष्कर्ष त्याच्या प्रकरणातला धागा पक्का करतो.

मादी फुलोरा परागांपासून जपण्याची युक्ती या आधुनिक माळ्यांनी शोधलेली नाही, हेही भारतीय वाचकाने ध्यानात ठेवावे. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने ब्रिटिश अमलाखालच्या गांजाच्या शेतीची तपशीलवार नोंद केली आहे. बंगालात नर झाडे ओळखून उपटणारे जाणकार मोबदला देऊन बोलावले जात, आणि मुंबई इलाख्यात नगर जिल्हा या पिकासाठी ओळखला जाई. आज १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार भारतात परवान्याशिवाय हे झाड लावणे गुन्हा आहे. त्यामुळे इथल्या वाचकाला ही बाग फक्त वाचूनच अनुभवता येते, आणि म्हणूनही पोलनच्या गद्यातली नेमकी निरीक्षणे मोलाची वाटतात.

या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग अनेकांना तुटक वाटतो. दिव्यांच्या खोलीतून लेखक एकदम मेंदूत शिरतो. १९६४ मध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातले नशा आणणारे द्रव्य वेगळे केले. १९८८ मध्ये अॅलिन हाउलेट यांच्या प्रयोगशाळेने मेंदूत त्या द्रव्याला धरणारी ग्राहके दाखवली. १९९२ मध्ये मेशूलम यांच्या गटाला शरीर स्वतः तयार करते ते तशाच जातीचे द्रव्य सापडले. मग पोलन विचारतो की विसरायला लावणारे असे रसायन मेंदू स्वतःच का बनवतो? त्याचे उत्तर असे की विसरणे हा स्मृतीचा बिघाड नाही. दिवसभरात डोळ्यांपुढून गेलेला प्रत्येक चेहरा मनात राहिला तर पुढचा चेहरा नीट दिसणारच नाही. जुने गळून पडते म्हणून समोरचे ताजे दिसते. प्रकरणातली ही पाने फार सुंदर आहेत, आणि ती लिहिताना लेखक नशेची भलावण करत नाही. पाहण्याची क्रिया कशी घडते याचा तो शोध घेतो.

दोन्ही भाग मला एकत्र आलेले दिसतात ते बी आणि काडी यांच्यापाशी. काडी म्हणजे झाडाची स्मृती. निवडलेल्या मादीचे एकही लक्षण ती गाळत नाही. बी म्हणजे झाडाचे विसरणे. आई-बापांच्या गुणांची मोडतोड करून ती नवी मांडणी करते, आणि बहुतेक वेळा ती मांडणी फुकट जाते, पण जे नवे येते ते तिथूनच येते. मेंदूबद्दल पोलन जे सांगतो ते त्याने वर्णन केलेल्या बागेतच आधी घडलेले आहे. त्या खोलीतले वाण अफगाण आणि उष्णकटिबंधी झाडांच्या विसरण्यातून जन्मले आणि काडीच्या स्मृतीने टिकले. हा दुवा लेखकाने शब्दांत मांडलेला नाही. त्याने दोन्ही भाग शेजारी ठेवले आणि जोडण्याचे काम वाचकावर सोडले.

ट्युलिपच्या प्रकरणात या स्मृतीचा एक धोका दिसतो. सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये ज्या ज्वाळेसारख्या रेघांसाठी लोक वेडे झाले, त्या रेघा मावा पसरवत असलेल्या विषाणूच्या होत्या, आणि पिल्लामागून पिल्लू तोच आजार पुढे जात राहिला. बटाट्याच्या प्रकरणात तर संपूर्ण देश स्मृतीच्या जाळ्यात सापडतो. आयर्लंडमधले गरीब शेतकरी मुख्यतः ‘लंपर’ हे एकच वाण लावत होते, म्हणजे देशभर जवळपास एकच रोप उभे होते. १८४५ मध्ये करपा आला तेव्हा एका रोपाची दुर्बलता सगळ्या रोपांची झाली, आणि त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली. आणि विसाव्या शतकाच्या शेवटी पोलन स्वतःच्या वाफ्यात मॉन्सॅन्टो कंपनीचे, जनुक बदललेले ‘न्यूलीफ’ बटाटे लावतो. हाती आलेल्या बटाट्यांतून पुढच्या वर्षीचे बेणे राखायला कंपनीचा परवाना मनाई करतो. इथे तर झाडाची स्मृतीसुद्धा माळ्याच्या हातून काढून घेतली आहे, आणि हे लिहिताना पोलनच्या आवाजातला राग लपत नाही.

या पुस्तकाचे मोल यात आहे की ते कलम आणि बी यांपैकी एकाची बाजू घेऊन थांबत नाही. चॅपमनच्या बियांवर लेखकाचे प्रेम उघड आहे. अॅमस्टरडॅमच्या काड्यांपुढे तो तितक्याच आदराने उभा राहतो. चांगल्या बागेला दोन्ही लागतात, कारण निवडायला बी लागते आणि निवडलेले टिकवायला काडी. ज्या बागेत फक्त काडी उरते ती पुढच्या रोगाची वाट पाहत असते. आपल्याकडे हापूसच्या कलमांनी डोंगर भरत असताना परसातले रायवळ तोडले जात आहेत; अशा वेळी हे पुस्तक मराठी वाचकाने आपले म्हणून वाचावे, आणि एखादा बाठा रुजू द्यावा.