सुटे अवयव आणि सबंध वस्तू

कॅनडातील छायाचित्रकार टॉड मॅक्लेलन यांचा ‘थिंग्ज कम अपार्ट’ हा २०१३ साली प्रसिद्ध झालेला चित्रसंग्रह नुकताच आमच्या पाहण्यात आला. नित्याच्या पन्नास वस्तू घ्याव्यात, शेवटचा स्क्रू निघेपर्यंत त्या सोडवाव्यात आणि निघालेले भाग मांडून त्यांचे चित्र घ्यावे, एवढाच या ग्रंथाचा व्याप. खटक्याच्या पेन्सिलीपासून दोन आसनांच्या विमानापर्यंत ही यादी जाते. सर्व भागांची बेरीज २१,९५९ भरते. या चिकाटीबद्दल कोणासही आदर वाटावा.

चित्रांचे प्रकार दोन. पहिल्यात सुटे भाग रांगोळीच्या नेमकेपणाने मांडलेले आहेत. दुसऱ्यात तेच भाग वरून सोडून, पडता पडता प्रकाशाच्या क्षणिक झोतात टिपलेले आहेत. हा दुसरा प्रकार आम्हांस आतषबाजीसारखा वाटला. प्रथम डोळे दिपतात, चौथ्या पानास सवय होते. पहिल्या प्रकारापाशी मात्र मन रेंगाळते. ज्याने आयुष्यभर टाइपरायटर बडवला, त्यासही त्याच्या पोटात इतक्या दांड्या व स्प्रिंगा असतील याची कल्पना नसते.

परंतु पाने उलटताना आपल्याकडील एक जुना वाद आठवतो. नागसेनाने मिलिंद राजाचा रथ असाच सोडवला होता: आस रथ नव्हे, चाक रथ नव्हे, जू रथ नव्हे, मग रथ म्हणजे केवळ नाव. नैयायिकांस हे मान्य नव्हते. अवयवी हा अवयवांहून निराळा आहे असे ते म्हणत, आणि पुरावा अगदी घरगुती देत: वस्तूचा एक भाग धरून ओढला की सबंध वस्तू येते. मॅक्लेलन यांच्या चित्रांस हीच कसोटी लावून पाहावी. तेथे कोणताही भाग ओढा, शेजारचा हलणार नाही. घड्याळाची सर्व चाके समोर आहेत. कोणते चाक कोणास फिरवते, हे मात्र चित्र सांगत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातही गोणपाटावर असेच सुटे भाग पसरलेले असतात. पण तेथे वाकून पाहणाराच्या मनात घरी अडलेले यंत्र असते, म्हणून एका गंजक्या नटाकडे पाहण्यासही अर्थ येतो.

आम्ही राहतो त्या येरवड्याच्या नावाचे एक यंत्र आहे. १९३० ते १९३३ या काळातील कारावासात गांधीजींनी ज्या पेटीचरख्यावर परिश्रम घेतले, तो ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जातो. मिटला की हाती धरून नेण्याजोगी पेटी. उघडला की मोठे चाक लहान चाकास व लहान चाक चातीस वेग देते. चाती बसवणे, माळ चढवणे हे काम कातणाराच रोज करतो. या वस्तूचे सुटणे हा तिचा शेवट नव्हे; तो तिच्या दिनक्रमाचाच भाग आहे.

पुढे १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाई गांधीजींचे चित्र घेण्यास पुण्यास आल्या, तेव्हा आधी सूत कातावयास शिका, असे त्यांस सांगण्यात आले. छायाचित्रणाच्या कोणत्याही विद्यालयात ही अट नसेल. आमच्या मते असावी. त्यांच्या त्या प्रसिद्ध चित्रात उभ्या चाकाचा चरखा पुढे आहे आणि गांधीजी मागे कागद वाचत बसले आहेत. चाक थांबलेले आहे. तरीही ते कोणाच्या हाताने व कशासाठी फिरते, याविषयी शंका उरत नाही.

मॅक्लेलन यांच्यावर अन्याय करण्याचा हेतू नाही. संग्रहात दुरुस्तीचा कैवार घेणारा लेख आहे. जुनी यंत्रे स्क्रूने बांधलेली असत, उलट आजच्या मोबाइलमधील कित्येक भाग डिंकाने चिकटवलेले असतात, आणि तो विकत घेणारास उघडता येऊ नये अशीच जणू योजना असते. ही गोष्ट अशी पाने पाहून मनावर ठसते. घरातील मुलांच्या हाती हा ग्रंथ अवश्य द्यावा, शेजारी एखादे बिघडलेले घड्याळ व स्क्रूड्रायव्हरही ठेवावा. मात्र सोडवलेल्या घड्याळासमोरच्या पानावर तेच घड्याळ पुन्हा जोडून चालू केलेले दिसते, तर या संग्रहाचे मोल आमच्या दृष्टीने दुप्पट झाले असते.